शत्रुंजय (पालिताणा): मासींना डोली की पायी? अनुभवी लोकांनी सांगा

घंटाळीकर | ३ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतले बरेच किल्ले पालथे घातलेत, पण गुजरातमधला हा जैन तीर्थाचा डोंगर माझ्या यादीत कधीच नव्हता. म्हणून विचारतोय.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मासी राहतात. कच्छी नाहीत, काठियावाडी. ही दुरुस्ती त्या स्वतःच दर वेळी करतात. मी पाचवीत होतो तेव्हापासून त्यांच्याकडचे खाकरे खातोय. काका दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा परदेशात. गेल्या रविवारी मासींनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, "तू डोंगर चढतोस ना? मग मला एकदा दादाकडे घेऊन चल." दादा म्हणजे कोण हे कळायला मला दोन मिनिटं लागली. ठाण्यात दादा म्हटलं की भलतीच माणसं डोळ्यांपुढे येतात. त्यांचे दादा म्हणजे शत्रुंजयावरचे पहिले तीर्थंकर आदिनाथ, आदीश्वर दादा.

मासींचं वय ७१. दोन्ही गुडघे झिजलेत, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन अजून नको. यापूर्वी चार वेळा जाऊन आल्यात, चारही वेळा काकांबरोबर आणि पायी. मी सहज म्हणालो, "डोली करू." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी बटाटेवड्यात लसूण घालून त्यांच्या ताटात वाढलाय.

तर प्रश्न असे. या वयात हे चढणं शहाणपणाचं आहे का? कधी जावं? मी जैन नाही, मला वर कुणी अडवणार नाही ना? आणि वर खायला काही नेता येत नाही म्हणतात, ते खरं का? मला दर दोन तासांनी काहीतरी लागतं.

---

ऐरोलीकर | ३ डिसेंबर, रात्री ११:२५

मी दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मित्राबरोबर जाऊन आलो. जसं आठवतंय तसं सांगतो.

पायऱ्या साडेतीन हजारांच्या वर आणि वाट साधारण साडेतीन किलोमीटर. ट्रेकर माणसाला यात काहीच नाही असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पायऱ्या नीट बांधलेल्या आहेत, मध्ये मध्ये सपाट टप्पेही येतात, पण पायऱ्या त्या पायऱ्याच. आपल्या पायवाटेवर पाऊल कधी आडवं, कधी तिरकं पडतं. इथे तोच स्नायू तीन हजार वेळा.

जैन नसलात तरी कुणी अडवत नाही. चामड्याची वस्तू नको: पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, सगळं खालीच ठेवा. डोंगरावर खायचं नाही, हे खरं. पाण्याच्या परबा आहेत, उकळलेलं पाणीही मिळतं. उतरल्यावर तळेटीला, म्हणजे पायथ्याशी, भाथुं देतात, यात्रेकरूंचा फराळ म्हणा. तोवर तुमच्या पोटाला कळ काढायला सांगा.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. संध्याकाळी डोंगर रिकामा होतो. भाविक तर उतरतातच, पुजारीही उतरतात. रात्री वर कुणीच राहत नाही. आठशेच्या वर देवळं आणि माणूस एक नाही. खाली धर्मशाळेच्या गच्चीवरून त्या काळ्या डोंगराकडे बघत बसलो होतो, मित्र जेवायला हाका मारत होता, पण उठवेना.

---

निळावंती | ४ डिसेंबर, सकाळी ८:१०

तारीख ठरवताना एक बघा. चातुर्मासात डोंगरावर यात्रा नसते, आषाढी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा आणि त्यांची यात्रा सुरू होण्याचा दिवस एकच. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. फाल्गुन शुद्ध त्रयोदशीलाही तेच, तेव्हा "छ गाऊ"ची मोठी प्रदक्षिणा असते (गाऊ हे अंतराचं जुनं माप). अक्षय तृतीयेला वर्षीतपाचं पारणं असतं, वर्षभर एकाआड एक उपास केलेले लोक उसाच्या रसाने उपास सोडतात. सोहळा सुंदर असतो, पण ऊन मरणाचं. ७१ वर्षांच्या बाईला डिसेंबर-जानेवारीतच न्या.

अवांतर: बटाटेवड्याचं वाचून चहा नाकातून आला.

---

सांधेजोड | ४ डिसेंबर, दुपारी १:३०

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. मासींना न तपासता सल्ला देणं चुकीचं, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचाराच. पण एक गोष्ट सगळ्यांनाच लागू होते आणि बहुतेकांना उलटी वाटते.

चढताना दम लागतो, म्हणून आपण चढायला घाबरतो. झिजलेल्या गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो. उतरताना शरीराचा भार वाटीच्या सांध्यावर येतो आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावावा लागतो. त्यामुळे डोली करायचीच असेल तर खाली येताना करा. वर जाताना काठी, दर शंभर पायऱ्यांवर थांबा, घाई नाही.

सराव म्हणून मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढा. सुरुवातीला अर्ध्याच. खाली येताना सावकाश, एका वेळी एक पायरी, दुखरा पाय आधी खाली. आणि घंटाळीकर, तुम्हीही सराव करा. दर वेळी माझ्याकडे येतो तो सोबत गेलेला "मला काय होतंय"वालाच.

---

कृष्णाकाठ | ४ डिसेंबर, रात्री ९:०५

धागा आवडला. मी मूळचा सांगलीकडचा, गेली पंधरा वर्षं खारघरला. आम्ही दिगंबर जैन. शत्रुंजय आमच्यासाठीही सिद्धक्षेत्र आहे: युधिष्ठिर, भीम आणि अर्जुन तिथून मोक्षाला गेले असं आमची परंपरा मानते. वर श्वेतांबरांचीच देवळं जास्त, पण आमचंही एक देऊळ आहे.

मात्र घंटाळीकर, तुमच्यासारख्या किल्लेवाल्याला आधी मांगी-तुंगी सुचवीन. बागलाणात, सटाण्याच्या पुढे ताहराबादवरून आत. साल्हेर-मुल्हेर केलं असेल तर ती दोन सुळकी लांबून पाहिलीच असतील. मांगी आणि तुंगी, दोन्ही साडेचार हजार फुटांच्या आसपास. कातळात कोरलेल्या गुंफा, त्यांत तीर्थंकर. राम, हनुमान, सुग्रीव इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे. २०१६ मध्ये तिथे १०८ फुटी ऋषभदेवांच्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली, अख्ख्या डोंगराच्या कातळातून कोरलेली.

---

पामबीच | ४ डिसेंबर, रात्री ९:५०

@कृष्णाकाठ, माहिती छान. तुम्ही जैन असून मराठी फारच शुद्ध लिहिता हो!

---

कृष्णाकाठ | ४ डिसेंबर, रात्री १०:०२

@पामबीच, तुम्ही मराठी असून बरं लिहिता, त्याचंही मला असंच कौतुक वाटतं.

गमतीत घ्या. पण हे वाक्य मी शाळेपासून ऐकतोय. सांगली, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात पाटील, चौगुले, मगदूम आडनावाचे जैन पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावतात आणि भावकीशी बांधावरून भांडतात, मराठीतूनच. हातकणंगल्याजवळ कुंभोजला १९६३ पासून बाहुबलींची २८ फुटी मूर्ती उभी आहे. आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये सल्लेखना (अन्नत्याग करून देह सोडणं) घेतली ती मराठवाड्यातल्या कुंथलगिरीच्या डोंगरावर. जैन म्हटलं की पेढीवरचा शेठच आठवतो, त्याला मी काय करू.

---

पामबीच | ४ डिसेंबर, रात्री १०:१५

चूक कबूल. खरंच माहीत नव्हतं.

---

शिलालेख | ५ डिसेंबर, रात्री १२:२०

उशिरा आलो, पण हा विषय सोडवत नाही. थोडं लांबेल.

घंटाळीकर, तुम्ही टेंभी नाक्यावरून आयुष्यभर येजा करत असाल. तिथल्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला "कोकण शत्रुंजय" म्हणतात, हे ठाऊक आहे का? मुनिसुव्रत म्हणजे विसावे तीर्थंकर. त्या देवळात श्रीपाल राजाची कथा चित्रित केली आहे, आणि त्या कथेत चक्क आपलं ठाणं आहे. मयणासुंदरीचा नवरा श्रीपाल परदेशी व्यापारासाठी गलबतावर असतो. धवल शेठ नावाचा सावकार त्याला कपटाने समुद्रात ढकलतो. तो तरंगत कोकण किनाऱ्याला लागतो आणि ठाण्याचा राजा त्याला आपली मुलगी देतो. म्हणजे जैन कथेतला नायक ठाण्याचा जावई. आपण तलावपाळीला फिरायला जातो, तिथून हाकेच्या अंतरावर हे चितारलेलं आहे आणि आपण मान वर करून बघत नाही. मीही चाळिशी उलटल्यावर पाहिलं.

आता मूळ शत्रुंजय. एवढा जुना म्हणता तर देवळं किती जुनी, असा प्रश्न येतोच. परंपरेने तीर्थाचे सोळा मोठे उद्धार, म्हणजे जीर्णोद्धार, मानले जातात. मला सगळ्यात आवडतो तो बाराव्या शतकातला. गुजरातच्या कुमारपाल राजाचा मंत्री उदयन मोहिमेवर निघालेला असताना शत्रुंजयावर दर्शनाला थांबला. पूजा चालू असताना एका उंदराने समईतली पेटती वात तोंडात धरून बिळाकडे नेली. देऊळ लाकडी होतं. उदयनाच्या अंगावर काटा आला, हे दगडाचं केलं पाहिजे असं त्याने ठरवलं. पण तो त्या लढाईतच गेला. पुढे त्याचा मुलगा वाग्भट, लोकांच्या तोंडी बाहड, याने ते हाती घेतलं आणि ११५७ मध्ये पुरं केलं.

पुढची गोष्ट याहून सरस. बांधून झाल्यावर देवळाला तडा गेला. शिल्पी म्हणाले, गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणेच्या बोळात वारा कोंडतो, त्याने तडे जातात. मग बोळ नको? तर शिल्पशास्त्र सांगतं, बिनप्रदक्षिणेचं देऊळ बांधणाऱ्याचा वंश बुडतो. बाहड म्हणाला, वंश राहिला तर राहिला, देऊळ राहू दे. आणि दोन भिंतींमधली जागा दगडांनी भरून घेतली. प्रबंधग्रंथातली कथा आहे, अक्षरशः घेऊ नका. पण वाऱ्याचा दाब, वंशाची भीती आणि मंत्र्याचं उत्तर तिन्ही एका जागी आलंय, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आज मूळनायक, म्हणजे मुख्य मूर्ती, म्हणून आदिनाथांची जी मूर्ती आहे ती १५३१ सालच्या, चितोडच्या कर्माशाने केलेल्या उद्धारातली.

आणि मुंबईकरांसाठी: वर गेल्यावर मोतीशा टूंक चुकवू नका. टूंक म्हणजे तटबंदीतला देवळांचा समूह, अशा नऊ आहेत. शेठ मोतीशा हे मुंबईचे जहाजवाले व्यापारी, भायखळ्याचं आदिनाथ मंदिर त्यांचंच. शत्रुंजयाच्या दोन शिखरांमध्ये कुंतासर नावाची दरी होती. ती त्यांनी भरून काढली आणि त्या भरावावर देवळांचं गाव उभं केलं. स्वतः १८३६ मध्ये वारले, प्रतिष्ठा मुलाने केली. त्यानंतर तीस-एक वर्षांनी, १८६९ मध्ये, जेम्स बर्जेसने या देवळांची छायाचित्रं मुंबईत प्रसिद्ध केली. भरावावरचं ते गाव तेव्हाही असंच चकचकीत दिसतं.

---

निळावंती | ५ डिसेंबर, सकाळी ७:५५

शिलालेख, दंडवत. उंदराची गोष्ट लेकीला सांगितली. तिचा प्रश्न: "त्या उंदराचं काय झालं?"

---

शिलालेख | ५ डिसेंबर, सकाळी ८:३०

ग्रंथकार गप्प आहेत.

---

पामबीच | ५ डिसेंबर, सकाळी ११:४०

कालच्या चुकीनंतर गप्प बसणार होतो, पण एक खटकतंय. मुंगी मरू नये म्हणून जपणारा धर्म, आणि माणसाने माणसाला खांद्यावर घेऊन साडेतीन हजार पायऱ्या चढायच्या? डोली या प्रकाराबद्दल कुणाला काहीच वाटत नाही का? शिवाय २०१४ मध्ये तिथे साधूंच्या उपोषणानंतर गावात मांसविक्री बंद झाली. गावात इतर लोकही राहतात. त्यांना कुणी विचारलं?

---

ऐरोलीकर | ५ डिसेंबर, दुपारी १२:१०

२०१४ चा मुद्दा खरा आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे, पण इथे तो सुरू झाला तर मासी पुढच्या कार्तिकीपर्यंत ठाण्यातच राहतील.

डोलीचं सांगतो. माझ्या मित्राच्या आईने डोली केली होती, चार माणसांची. मलाही बघताना कसंसंच झालं. वर विसाव्याला त्यांतल्या एकाशी बोललो. तो म्हणाला, पावसाळ्याचे चार महिने डोंगर बंद, तेव्हा शेतावर मजुरी. उरलेल्या आठ महिन्यांत घर चालतं ते या दांड्यावर. "तुम्हाला वाईट वाटतं म्हणून तुम्ही चालत गेलात, तर माझ्या घरी काय?" असं त्याने थेट विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आत्ताही नाही.

---

शिलालेख | ५ डिसेंबर, दुपारी १२:५०

डोंगर बंद झाला की काय होतं याचा एक मोठा दाखला आहे. पालिताणा हे संस्थान होतं आणि यात्रेकरूंवर कर घेण्यावरून दरबार आणि जैन संघ यांचा जुना वाद. आणंदजी कल्याणजी पेढी, जी आजही तीर्थाचा कारभार बघते, ती यात पुढे होती. १९२६ च्या एप्रिलपासून जैनांनी यात्रेवरच बहिष्कार घातला. दोन वर्षांहून जास्त काळ, जून १९२८ पर्यंत, डोंगरावर यात्रा नाही. शेवटी व्हॉइसरॉयच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: संघाने दरबाराला दर वर्षी ६० हजार रुपये द्यायचे, ३५ वर्षं. देवाला भेटायला न जाणं हाच सत्याग्रह. गांधीयुगातला आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेही नाही.

आता पामबीच यांच्या प्रश्नाकडे वळून बघा. त्या दोन वर्षांत डोलीवाल्यांनी काय केलं असेल, याचा विचार मीही आत्ताच पहिल्यांदा करतोय.

---

पामबीच | ५ डिसेंबर, दुपारी १:०५

हे माहीत नव्हतं. खटकणं मात्र कायम आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

---

घंटाळीकर | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा अख्खा धागा मासींना वाचून दाखवला. त्यांच्या प्रतिक्रिया जशाच्या तशा:

टेंभी नाक्याच्या देवळाबद्दल: "तुला आत्ता कळलं? तू लहान होतास तेव्हा मी दोनदा घेऊन गेले होते. तू पेढा खाल्लास आणि झोपलास."

मांगी-तुंगीबद्दल: "ते पण करू. आधी दादा."

उंदराबद्दल: बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "त्याचं पुण्य किती मोठं, विचार कर."

डोलीबद्दल: सांधेजोड यांचं म्हणणं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. दादाकडे जाताना माझ्या पायांनी जाणार. परत येताना काय, घरीच यायचंय, कसं पण येईन." म्हणजे चढायचं पायी, उतरायचं डोलीने. डॉक्टरांनीही थोडे आढेवेढे घेऊन मान डोलावली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं काढली. बोरिवलीहून रात्रीची भावनगर गाडी, पुढे पन्नास-एक किलोमीटर रस्त्याने. हजिऱ्याहून घोघ्याला गाडीसकट बोटीने जायचं माझ्या मनात होतं, मासींनी एका शब्दात निकाल लावला: "धवल शेठ."

रविवारपासून मुंब्रादेवी सुरू.

---

सांधेजोड | ७ डिसेंबर, रात्री १०:४०

मासींना माझा नमस्कार. तुमचा सराव चालू आहे की नाही ते विचारणार नाही, कारण उत्तर माहीत आहे.

---

निळावंती | १५ जानेवारी, सकाळी ९:००

धागा वर काढतेय. गेलात का? झालं का?

---

घंटाळीकर | १९ जानेवारी, रात्री ११:३०

झालं. आजच पाय जमिनीवर नीट टेकले, म्हणून लिहायला बसलो.

पहाटे सव्वापाचला जय तळेटीला होतो. तिथे चैत्यवंदन, म्हणजे स्तुती-वंदनेचा विधी, करून चढायला लागायचं, अशी पद्धत. वाटेत आणि वर मिळून अशी पाच ठिकाणं आहेत. मासी अनवाणी. मी कापडी बूट आणि दोन मोजे, माफ करा. भाड्याने मिळालेल्या दोन काठ्या, एक त्यांची, एक मी "सहज" घेतलेली.

पहिला तास मी त्यांना सांभाळत होतो. "मासी, सावकाश." "मासी, बसा." दुसऱ्या तासापासून लक्षात आलं की त्या एका लयीत चालल्यात आणि माझंच वेळापत्रक बिघडलंय. मी नेहमीच्या सवयीने भराभर पन्नास पायऱ्या चढायचो आणि धापा टाकत थांबायचो. त्या मागून तशाच संथ यायच्या आणि पुढे जायच्या. ओठ हलत असायचे. एका कुंडापाशी मी कठड्यावर बसलो तो बसलोच. सात-आठ वर्षांची पोरं पळत वर गेली. त्यातल्या एकाने मला "काका, हिंमत राखो" असं म्हटलं, ते अजून कानात आहे.

एक मुलगी भेटली, पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती उतरत होती, मासींनी थांबवून विचारपूस केली. ती नव्याण्णव करत होती. आदिनाथ इथे नव्याण्णव पूर्व वेळा आले असं मानतात (पूर्व ही जैन गणनेतली प्रचंड मोठी संख्या), म्हणून काही जण महिना-दीड महिना राहून नव्याण्णव वेळा डोंगर चढतात. तिची ती त्रेचाळिसावी. आम्ही हनुमानधारेच्या जवळ होतो तेव्हा तीच मुलगी मागून आली आणि आम्हाला ओलांडून गेली. चव्वेचाळिसावी. मासींनी तिला हात जोडले, तिने थांबून मासींना जोडले. मी काठीला टेकून उभा होतो, मला कुणी जोडले नाहीत.

मासींनी मग सांगितलं, याहून कठीण म्हणजे दोन दिवस पाण्याशिवाय उपास करून सात वेळा चढणं. काकांनी तरुणपणी केलं होतं. हे मला या इमारतीत तीस वर्षं राहून माहीत नव्हतं. मला काका आठवतात ते गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचणारे.

वर पोचायला पावणेदहा वाजले. साडेचार तास. शेवटी एकामागून एक दरवाजे येतात, प्रत्येकाला पोळ म्हणतात: रामपोळ, वाघणपोळ, हत्तीपोळ, रतनपोळ. आपल्या किल्ल्यावर दरवाजा आला की मी आपोआप बुरूज, जंग्या, देवड्या शोधतो. इथेही शोधत होतो. तटबंदी, दरवाजे, पाण्याची कुंडं, सगळं किल्ल्याचंच, आणि आत फक्त देवळं. मला एकदम ओळखीचं आणि एकदम परकं वाटत राहिलं.

मासी पूजेचे कपडे बदलून रांगेत. मी बाहेर. आतल्या मूर्तींचे फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, नाहीतर मी तेच करत बसलो असतो. तिथे एक जुनं रायणीचं झाड आहे, त्याच्याखाली आदिनाथांची पावलं. पूजा झाल्यावर मासी त्याच्याजवळ बसल्या आणि कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. त्यावर नावं होती, ओळीने. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांची. प्रत्येकाच्या वतीने नमस्कार. माझ्या आईचं होतं, वॉचमनचं होतं, पाण्याच्या टाकीवरून ज्यांच्याशी त्यांचं तीन वर्षं बोलणं नाही त्या तिसऱ्या मजल्याचंही होतं. शेवटी "ऐरोलीकर, निळावंती, सांधेजोड, कृष्णाकाठ, शिलालेख, पामबीच" असं वाचलं तेव्हा शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. मासी मला म्हणाल्या, "खरी नावं तू सांगितली नाहीस, मग काय करू?"

मोतीशा टूंक बघून आलो, एकटाच. भराव म्हणून कुठे कळत नाही. शिखरामागे शिखर, सगळं ताठ.

उतरताना डोली. माणसांनी वजन विचारलं, मासींनी पाच किलो जास्त सांगितलं. मी हळूच म्हटलं, मासी, घरी तर एवढं नाही. तर म्हणाल्या, "साडी, पिशवी, आणि कमी सांगितलं तर चोरी." ठरल्यापेक्षा जास्त पैसेही दिले. @पामबीच, मी पूर्ण वेळ डोलीच्या मागे होतो आणि तुमचा प्रश्न माझ्या डोक्यात होता. उत्तर आणलेलं नाही. मागचा डोलीवाला माझ्याहून वयाने मोठा असेल. अर्ध्या वाटेवर त्याने मान वळवून मला सांगितलं की काठी चुकीच्या हातात धरली आहेस, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला धर. खांद्यावर ओझं असताना त्याला माझं लंगडणं ऐकू येत होतं.

हो. लंगडत होतो. सांधेजोड, बोला काय बोलायचं ते. मुंब्रादेवीला मासी सहा वेळा गेल्या, मी दोनदा. तळेटीला मासी डोलीतून ताज्यातवान्या उतरल्या आणि भाथुं घेऊन माझी वाट बघत बसल्या.

---

सांधेजोड | १९ जानेवारी, रात्री ११:५०

काही बोलत नाही. बर्फ लावा. दोन दिवस जिना टाळा.

---

पामबीच | २० जानेवारी, सकाळी ८:२०

माझं नाव त्या कागदावर होतं? मी तर भांडतच होतो.

---

घंटाळीकर | २० जानेवारी, सकाळी ८:४५

मासींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणून तर शेवटी नाही, तिसऱ्या मजल्याच्या लगेच नंतर लिहिलं होतं. वाचताना तू क्रम चुकवलास."

---

कृष्णाकाठ | २० जानेवारी, सकाळी १०:१०

मांगी-तुंगीला मी येतो बरोबर. नाशिकपासून पुढे गाडी माझी. मासींना कळवा.

---

निळावंती | २० जानेवारी, दुपारी २:००

फार सुंदर. मासी पुन्हा जाणार म्हणतात का शत्रुंजयाला?

---

घंटाळीकर | २० जानेवारी, रात्री ९:३०

नाही म्हणाल्या. ही शेवटची. पण कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी शत्रुंजयाचा मोठा पट, म्हणजे रंगवलेलं कापड, बांधतात, त्याच्यासमोर उभं राहून मनाने यात्रा करायची. मला त्या दिवशी सकाळी यायला सांगितलंय. तू कुठल्या कुंडापाशी बसून पडलास ते सगळ्यांना त्यात दाखवते, म्हणाल्या.